पेटीचं तिसरं भोक

गिरणीच्या इंजिनघरात दोन पुरुष उंचीचं एक चाक होतं. त्या चाकावरून सोळा सुती रस्से वरच्या खात्यांकडे जात आणि त्यांच्या जोरावर सगळी गिरणी फिरे. रस्सा झिजून तुटायला आला की गजानन फणसे याला बोलावणं येई. रस्सा सांधायचा म्हणजे गाठ मारायची नाही. दोन्ही टोकांचे पेड उलगडून ते एकमेकांत विणायचे आणि सांधा बोटाला लागणार नाही इतका सपाट करायचा. गजाननचा सांधा बावीस वर्षांत एकदाही सुटला नव्हता.

त्याचे वडील होळकरांच्या पलटणीत शिपाई होते. संस्थान गेलं, पलटण गेली, आणि मुलगा परदेशीपुऱ्यात गिरणीच्या भोंग्यावर उठू-बसू लागला. घरात वडिलांची तलवार होती. खंडेनवमीला ती पुसून पाटावर ठेवत आणि तिच्याशेजारी रस्सा सांधायचा लाकडी खुंटा. दोन्हीला तेलाचा हात, दोन्हीला हळदकुंकू. पूजेला लावलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, हा घरचा नियम वडिलांपासून चालत आलेला.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात कापडबाजाराच्या एका गल्लीत आग लागली. भरदुपारची वेळ. गजानन एका दुकानातून रस्सीचं नवं भेंडोळं घेऊन सायकलवर चालला होता. तीन मजली घर, जिना लाकडाचा, आणि तो आधीच गेलेला. वरच्या गॅलरीत प्रेमलता नावाची एक बाई उभी होती. ती तिथं शिवणाचा क्लास चालवायची. खाली माणसं चादर धरून ओरडत होती, पण गल्लीत विजेच्या तारा आडव्या, चादर नीट ताणता येईना. गजाननने भेंडोळं सोडलं आणि रस्सीचं टोक वर फेकलं. पाचव्या फेकीला तिनं ते पकडलं, कठड्याला बांधलं. गाठही चांगली मारली. मग ती रस्सी धरून उतरू लागली.

तिनं आयुष्यात रस्सी धरलेली नव्हती. अर्ध्यात आल्यावर तळहात सोलले आणि हात सुटले. चौथ्या दिवशी दवाखान्यात तिनं प्राण सोडला.

त्या चार दिवसांत गजानन दोनदा तिला बघून आला. तिच्या दोन्ही हातांना बँडेज होतं. घरी येऊन तो बायकोला, इंदुमतीला, म्हणाला, "रस्सी होती, गाठ होती. माणसानं रस्सी धरायची, हीच चूक. रस्सीनं माणसाला धरायला पाहिजे."

"मग धरायला सांगा तिला," इंदुमती म्हणाली. "आधी हात धुवा, जेवून घ्या."

हे सांगायला त्याला साडेतीन वर्षं लागली. युक्ती त्याच्या डोळ्यांसमोरच फिरत होती. गिरणीचं इंजिन फार वेगानं फिरायला लागलं की त्याच्या वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचे दोन गोळे बाहेर फेकले जात आणि वाफ आपोआप कमी होई. गजाननने हार्मोनियमपेक्षा लहान अशी एक लोखंडी पेटी केली. आत एक चाक, चाकावरून रस्सी. माणसाच्या वजनानं चाक फिरू लागलं की आतले दोन लोखंडी तुकडे बाहेर फेकले जात, आणि त्यांना लावलेलं चामडं पेटीच्या आतल्या कड्यावर घासे. वेग जास्त तितकं घासणं जास्त. त्यामुळे लहान मूल असो की जाडजूड शेठजी, खाली जायचा वेग एकच, सेकंदाला दोन फूट. रस्सी तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, म्हणजे लवकर पेट घेणार नाही. तिच्या दोन्ही टोकांना छातीभोवती बांधायचे पट्टे. एक पट्टा खाली गेला की दुसरा वर येई, पुढच्या माणसासाठी. पेटी गॅलरीवरच्या आकड्याला अडकवायची, इतकंच. वजन अकरा शेर.

पेटीला तीन भोकं होती. दोन आसाच्या दोन टोकांवर, तेल घालायला. तिसरं आतलं चामडं किती झिजलं ते डोळा लावून बघायला. तिन्ही गोल, तिन्हींना सारखी पितळी टोपणं. पेटी उघडायची, पुसायची, तेल द्यायचं, हे सगळं गजानन स्वतः करी. त्यामुळे कुठल्या भोकात काय, हे कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

फणसे तिसऱ्या माळ्यावर राहत. गॅलरीच्या कठड्यापासून रस्त्यापर्यंत बत्तीस फूट. रविवारी सकाळी तिथून वाळूचं पोतं उतरे, मग गजानन, मग इंदुमती. तिला उतरवायचं हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. ज्या बाईनं कधी रस्सी धरली नाही तिच्यासाठीच ही पेटी होती. इंदुमती पहिल्या खेपेला डोळे मिटून उतरली, दुसऱ्या खेपेला भाजीवाल्याशी बोलत. रस्त्यात गर्दी जमे.

"काय फणसे भिया, आज कुणाला लटकवून राहिले?" इंजिनघरातला तेलवाला नंदू खालून विचारी.

"तुझा नंबर लावू काय?"

"ना बाबा! आपलं लग्न झालंय, तेवढी फाशी बस आहे."

समोरच्या खोलीतल्या द्वारकाबाई जगदाळे मात्र नंबर लावून बसल्या होत्या. सत्तरीच्या विधवा, सासरे रिसाल्यात होते हे दिवसातून एकदा सांगणाऱ्या. "गजाभाऊ, एकदा मला बांध रे. घोड्यावर बसायला कुणी दिलं नाही, हे तरी बसू दे."

"तुमच्या वयाला नको, बाई."

"वय आगीला विचारून बघ," द्वारकाबाई म्हणत आणि काठी टेकत आत जात.

एकसष्ट साली अर्ज, शिफारशी आणि तीन तारखा होऊन अखेर सरकारी पाहणी ठरली. तुकोगंजातल्या एका नव्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरून पेटी चालवून दाखवायची होती. पसंत पडली तर शहरातल्या उंच इमारतींत अशा पेट्या बसवाव्यात, असा विचार होता. तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची मिळाली.

खंडेनवमीला तलवार पाटावर आली, खुंटा आला, आणि त्या वर्षी मधोमध पेटी. गजानन तेव्हा गिरणीतल्या पूजेला गेला होता. घरची पूजा इंदुमतीनं मांडली. तिनं पेटी पुसली, तिच्यावर कुंकवाची पाच बोटं उमटवली, आणि पूजेच्या वाटीतलं तिळाचं तेल घेऊन, नवरा घालतो तसं, टोपणं काढून भोकांत घातलं. तिन्ही भोकांत. वर झेंडूची माळ घातली.

एरवी गजानन आदल्या दिवशी पेटी उघडून बघे आणि पोतं उतरवून घेई. पण पेटी पूजेला लागलेली. दसरा झाल्याशिवाय ती हलवायची नव्हती. त्यानं ठरवलं, तुकोगंजात गेल्यावर आधी पोतं सोडू. टांग्यात पोतं ठेवलंही. तिथं गेल्यावर चार साहेब, दोन फोटोवाले आणि शंभरेक माणसं बघून त्याला वाटलं, पोत्यानं सुरुवात केली तर म्हणतील याचाच याच्यावर विश्वास नाही. पोतं टांग्यातच राहिलं.

"पदर खोचून घे," तो इंदुमतीला म्हणाला.

"खोचलाय. खाली चहा सांगून ठेवा."

पहिले दहा फूट ती रोजच्यासारखी उतरली. मग घासण्यानं चामडं तापलं, त्यातलं तेल सुटलं आणि पकड गेली. उरलेले वीस-बावीस फूट किती सेकंदांत गेले ते कुणी मोजलं नाही. खाली फरशी होती. डावा खुबा आणि मांडीचं हाड मोडलं.

त्या संध्याकाळी गजाननने पेटी उघडली. आतून तिळाच्या तेलाचा वास आला. चामडं काळं पडलं होतं, बोटानं दाबलं की तेल वर येई. त्यानं तिसऱ्या भोकाचं टोपण हातात घेतलं. टोपणाच्या आतल्या बाजूला कुंकू लागलेलं होतं.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली. तीन माणसं टेबलापलीकडे होती. एकानं सरळ विचारलं, "दोष यंत्राचा की दुसऱ्या कशाचा?"

इंदुमती तेव्हा कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होती. डॉक्टर म्हणाले होते, चालणं कठीण आहे. तेलाचं सांगितलं तर पेपरात काय छापून येईल हे गजाननला माहीत होतं: बायकोनं पूजा केली आणि बायकोच पडली. आणखी एक होतं. तेलाचं निघालं की पोत्याचं निघणार होतं.

"यंत्राचाच," तो म्हणाला. "चामड्यानं पकड धरली नाही."

कागदावर तसं लिहिलं गेलं. पेट्यांचा विचार तिथंच बंद झाला.

इंदुमतीला चार माणसांनी खुर्चीत बसवून तिसऱ्या माळ्यावर चढवलं. ती कुबड्यांवर मोरीपर्यंत जाई, गॅलरीपर्यंत जाई. जिना तिला उतरता येत नव्हता. तळमजल्यावर गिरणीच्या रद्दी सुताचं गोदाम होतं, जिना सागाचा, शंभर वर्षं जुना. या दोन गोष्टी गजानन रोज कामावर जाता-येता बघे. खालच्या माळ्यावर खोली मिळते का, हे त्यानं परदेशीपुराभर विचारलं. मिळाली नाही. मग त्यानं दुसरी पेटी करायला घेतली.

इंदुमती खाटेवरून बघत असे. पेटी पुरी झाली त्या दिवशी ती म्हणाली, "याला दोनच भोकं. तिसरं कुठं गेलं?"

"नको होतं."

"चामडं कसं बघाल?"

"उघडून बघीन."

नव्या पेटीवरून पोतं उतरलं, गजानन उतरला. इंदुमतीला पट्ट्याजवळ नेलं की ती कुबड्या मागं वळवी. "मला नाही जमणार. तुम्हीच सांगितलंत ना साहेबांना, यंत्राचा दोष म्हणून? एक वेळ चुकलं ते परत नाही चुकणार कशावरून?" याला त्याच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते तो देत नव्हता. दोन वर्षं पेटी भिंतीवर खुंटीला टांगलेली राहिली. त्या दोन्ही खंडेनवमींना इंदुमतीनं पाट मांडला नाही. तिला खाली बसता येत नव्हतं. गजाननच तलवार पुसे.

चौसष्टच्या एप्रिलमध्ये, दुपारी अडीचला, गोदामात आग लागली. गजानन पहिली पाळी करून घरी आला होता. सुताचा धूर पांढरा आणि जड असतो. तो जिन्यातून वर आला तेव्हा खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. मधल्या माळ्यावरची माणसं तोंडाला फडकी बांधून उतरली. तिसऱ्यावर त्या वेळी तीनच माणसं होती. गजानन दोन वेळा जिन्याच्या वळणापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्या वेळी पायरी पायाखाली चटका देत होती.

त्यानं पेटी आकड्याला अडकवली. इंदुमतीला उचलून गॅलरीच्या दारापर्यंत आणलं. तिथं तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली.

"नाही. मी नाही जाणार."

"इंदू, ही नवी आहे."

"तीही नवीच होती."

"अगं, मी स्वतः उतरलोय हिच्यावरून. वीस वेळा."

"मी एकेचाळीस वेळा उतरले होते."

त्यानं तिची बोटं सोडवायचा प्रयत्न केला. ती किंचाळली. रस्सी सांधणारे हात, जोर पुष्कळ होता. पण मोडलेल्या खुब्याच्या बाईला ओढून कठड्यापार घालणं एका माणसाचं काम नव्हतं. ती धडपडली असती तर पट्टा निसटला असता.

द्वारकाबाई तोंडावर ओला पदर धरून खोलीत आल्या. त्यांनी दोघांकडे बघितलं आणि खोकत म्हणाल्या, "गजाभाऊ, मला बांध. मी जाते आधी. ती बघेल आणि मागून येईल."

गजाननने खाली बघितलं. मधल्या माळ्याच्या खिडकीतून ज्वाळा बाहेर येऊ लागल्या होत्या, रस्सीपासून दोन हातांवर. रस्सी किती खेपा टिकेल याचा त्याला भरवसा नव्हता. तो म्हणाला, "आधी इंदू. मग तुम्ही. खाली बसा, खाली धूर कमी असतो."

"बरं बाबा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण लवकर आटप." त्या भिंतीला टेकून बसल्या, काठी मांडीवर आडवी घेऊन.

तो बायकोशी बोलत राहिला. शपथा घातल्या, रागावला. खालून लोक ओरडत होते. इंदुमती चौकट सोडेना. शेवटी ती म्हणाली, "मग ती का सुटली? सांगा. खरं सांगा. एवढी चांगली पेटी, मग ती का सुटली?"

"तिसऱ्या भोकात तेल गेलं होतं."

"तेल?"

"चामड्यावर तेल. चामडं घसरलं."

"कुणी घातलं?"

त्यानं उत्तर द्यायला एक श्वास घेतला, तेवढ्यात ठसका लागला. मग म्हणाला, "तू. खंडेनवमीला. तुला माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. पेटी चांगली होती, इंदू."

तिची बोटं एकेक करून चौकटीवरून सुटली.

"बांधा," ती म्हणाली.

सोळा सेकंदांत ती रस्त्यावर पोचली. नंदू आणि आणखी दोघांनी तिला झेलून बाजूला नेलं. दुसरा पट्टा वर आला. गजानन वळला आणि हाक मारली. द्वारकाबाई तशाच टेकून बसलेल्या होत्या. त्यानं त्यांना उचललं, पट्टा बांधला, कठड्यापार घातलं. पेटीनं त्यांनाही सोळा सेकंदांत खाली नेलं. मग तो स्वतः उतरला. तीन माणसं, तीन खेपा. रस्सी फक्त एका जागी काळवंडली होती.

द्वारकाबाईंना तपासून डॉक्टर म्हणाले, धुरानं गेल्या. खाली यायच्या आधीच.

समोर दिवाकर घड्याळवाल्याचं दुकान होतं. तो सगळा वेळ दारात उभा होता, आणि अशा माणसाची नजर आपोआप घड्याळाकडे जाते. आठवड्यानं गजानन भेटला तेव्हा तो कौतुकानं म्हणाला, "फणसेजी, मानलं तुम्हाला. दोन छत्तीसला पेटी अडकवली तुम्ही. वहिनी निघाल्या दोन त्रेचाळीसला. तिथं जरा टाइम लागला. पण नंतर काय कमाल! एकदम मशीनसारखं."

"सात मिनिटं?" गजाननने विचारलं.

"पूरी सात. माझं घड्याळ कधी मागं पडत नाही भिया."

गजानन तिथून घरी न जाता गिरणीत गेला. पाळी नसताना इंजिनघरात बसून राहिला. सात मिनिटांत सोळा सेकंदांच्या किती खेपा होतात, हा हिशेब अवघड नव्हता.

जळकी इमारत पाडली गेली. फणसे दोन गल्ल्या सोडून तळमजल्याच्या एका खोलीत राहायला गेले, आता मिळाली. आगीचं किंवा तेलाचं दोघांत पुन्हा बोलणं निघालं नाही. इंदुमती कुबड्यांवर दारापर्यंत येई आणि उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसे. शेजारणी यंत्राची गोष्ट विचारत. ती म्हणे, "चांगलं आहे," आणि भाजी निवडत राही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिनं खुर्चीत बसून टेबलावर पूजा मांडली. तलवार आगीत गेली होती. खुंटा गिरणीत होता म्हणून वाचला, आणि पेटी नंतर गॅलरीच्या आकड्यावरून काढून आणली होती. तेलाची वाटी तिनं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. पेटी कोरड्या फडक्यानं पुसली, एका बोटानं कुंकू लावलं. मग गजाननला म्हणाली, "कागद आणा. अर्ज लिहायचाय साहेबांना."

"कसला?"

"बसा आणि लिहा. लिहा, त्या दिवशी यंत्राचा दोष नव्हता. चामड्यावर तेल मी घातलं. माझं नाव लिहा, पूर्ण."

त्यानं लिहिलं.

"पुढं. पोतं टांग्यात होतं, आधी सोडलं नाही. ते तुम्ही." तिला हे माहीत होतं हे त्याला आज कळलं. टांग्यात पोत्याशेजारी तीच बसलेली होती. त्यानं तेही लिहिलं.

"आता द्वारकाबाईंचं," इंदुमती म्हणाली.

गजाननने पेन उचललं नाही. "त्यांचं काय लिहायचं?"

"त्या म्हणत होत्या, मला आधी बांध. मी ऐकलं होतं. मी बघितलं असतं आणि गेले असते. तुम्ही मला तेव्हाच दवाखान्यात सांगितलं असतंत ना, तर मी रडले असते, भांडले असते, आणि पट्टा बांधून घेतला असता. पहिल्या हाकेला घेतला असता."

"तुला वाटलं असतं, तूच स्वतःला..."

"हो, वाटलं असतं. ते माझं मी बघितलं असतं."

बाहेर पोरी आपट्याच्या पानांसाठी झाडं शोधत चालल्या होत्या. त्यांचा गलका दारावरून गेला. गजाननने कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला. तिनं दोन्ही ओळी वाचल्या आणि खाली सही केली. त्याखाली त्यानं केली. दोन ओळी आणि सह्या यांच्यामध्ये चार बोटं जागा राहिली. ती भरायची की नाही, हे दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पेटी पूजेतून हलवल्यावर, गजानन तो अर्ज तुकोगंजात देऊन आला. कारकुनानं तारीख बघितली, विषय वाचला आणि म्हणाला, "तीन वर्षांनी? ती फाइल तर बंद झाली."

"माहीत आहे," गजानन म्हणाला. "तिच्यात ठेवा."